चाकाला न शिवता गाडी थांबवणे : रेल्वेच्या विद्युतचुंबकीय ब्रेकची रचना

वर्तमानपत्रात अधूनमधून एक बातमी येते : धावत्या एक्स्प्रेसच्या चाकांतून धूर निघू लागला, प्रवाशांत घबराट पसरली, गाडी मधल्याच स्थानकावर थांबवून तपासणी झाली आणि 'ब्रेक बाइंडिंग'मुळे हे घडल्याचे सांगण्यात आले. त्याच पानावर एखाद्या वेळी वंदे भारत किंवा मेट्रोविषयीच्या बातमीत 'ही गाडी ब्रेक लावताना वीज तयार करते' असे वाक्य असते. शिवाय परदेशातील वेगवान गाड्या चुंबकाने थांबतात, असे सांगणारे व्हिडिओ फोनवर फिरत असतात. साहजिकच अनेकांना प्रश्न पडतो की चाकाला घासणारे जुने ब्रेक काढून सरसकट चुंबकाचे ब्रेक का बसवत नाहीत. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका ओळीत मावणारे नाही. ब्रेकचा जोर निर्माण करणे हा या रचनेतला तुलनेने सोपा भाग आहे. तो जोर शेवटी कोणी झेलायचा आणि त्यातून निघणारी उष्णता कुठे न्यायची, हे ठरवण्यात अभियंत्यांचा खरा कस लागतो.

थांबवणे म्हणजे उष्णतेचा हिशेब

समजा, ८०० टन वजनाची गाडी ताशी १३० किलोमीटर वेगाने धावते आहे. तिच्या गतीत साठलेली ऊर्जा सुमारे ५२ कोटी ज्यूल भरते. वीजबिलाच्या भाषेत सांगायचे तर ती सुमारे १४५ युनिट झाली. एखाद्या साध्या घराला महिनाभर पुरेल एवढी ही ऊर्जा गाडी थांबवताना मिनिटभराच्या आत कुठेतरी जिरवावी लागते. गाडी सुमारे ५२ सेकंदांत थांबवायची ठरवली, तर या काळात सरासरी १० मेगावॅट दराने ऊर्जा बाहेर काढावी लागेल. नागपुरातील अजनीच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये दिसणाऱ्या डब्ल्यूएजी-९ या मालगाडीच्या इंजिनाची ताकद सुमारे साडेचार मेगावॅट आहे. म्हणजे गाडी थांबवण्याचे काम अशा दोन इंजिनांनी पूर्ण जोर लावण्याहूनही मोठे आहे.

वेग वाढला की हा हिशेब झपाट्याने बिघडतो, कारण गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तीच गाडी ताशी १६० किलोमीटरने नेली, तर वेग २३ टक्क्यांनी वाढतो, पण जिरवायची ऊर्जा तब्बल ५१ टक्क्यांनी वाढून जवळजवळ २२० युनिटांवर जाते. वेगवाढीच्या बातम्यांत इंजिनाच्या ताकदीची चर्चा भरपूर होते, ब्रेकची मात्र फारशी होत नाही. माझ्या मते ही उलटी गोष्ट आहे.

घर्षणाच्या ब्रेकमध्ये ही सगळी ऊर्जा ब्रेक-ब्लॉक आणि चाक यांच्यात, किंवा ब्रेक-पॅड आणि धुऱ्यावरील डिस्क यांच्यात उष्णता होऊन उतरते. ब्रेक बाइंडिंग म्हणजे सुटायला हवा असलेला ब्रेक न सुटता चाकाला घासत राहणे. धूर दिसतो तो या उष्णतेमुळे.

पकडीची मर्यादा

उष्णतेच्या जोडीला दुसरी अडचण आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरते तेव्हा त्यांच्यातला स्पर्श अगदी थोड्या जागेत असतो आणि पकडही बेताची असते. रूळ कोरडा व स्वच्छ असेल तर चाकावरील भाराच्या साधारण पाव हिश्शाएवढा जोर चाक रुळावर लावू शकते. रूळ ओला किंवा तेलकट झाला की हे प्रमाण एक-दशांशावर किंवा त्याहूनही खाली येते. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या सरीने रुळावरच्या धुळीचा पातळ चिखल होतो आणि तो धुऊन निघेपर्यंतचा काळ मुसळधार पावसापेक्षाही अधिक निसरडा असतो.

पकडीपेक्षा जास्त जोराने ब्रेक आवळला तर चाक फिरायचे थांबते आणि रुळावरून घसरत जाते. त्यामुळे चाकाची कड एका जागी घासून सपाट होते. थांबण्याचे अंतरही वाढते. थोडक्यात, ब्रेक-ब्लॉक कितीही भक्कम केला तरी चाकामार्फत लागणाऱ्या कोणत्याही ब्रेकला ही मर्यादा ओलांडता येत नाही. विद्युतचुंबकीय ब्रेकच्या काही प्रकारांचे महत्त्व नेमके इथे आहे. तिथे पोचण्याआधी मूळ तत्त्व पाहू.

जुन्या वीजमीटरमधला ब्रेक

इलेक्ट्रॉनिक मीटर येण्यापूर्वी प्रत्येक घरात एक विद्युतचुंबकीय ब्रेक अहोरात्र काम करत होता. जुन्या मीटरच्या काचेमागे ॲल्युमिनियमची पातळ, आडवी चकती फिरताना दिसे. तिच्या कडेवर एक काळी किंवा लाल खूण असे. पंखा लावला की ती खूण सावकाश पुढे सरके, गीझर लावला की भरभर फिरू लागे. या चकतीची एक कड नालाच्या आकाराच्या कायमच्या चुंबकाच्या दोन टोकांमधून जात असे. चुंबक चकतीला कुठेही टेकलेला नसे, शिवाय ॲल्युमिनियमला चुंबक ओढूनही घेत नाही. तरीही तो चुंबक काढून टाकला असता तर चकती सुसाट सुटली असती आणि मीटरने भलतेच आकडे दाखवले असते.

हे असे का होते? मायकेल फॅरेडे यांनी १८३१मध्ये दाखवून दिले की वाहक धातूच्या आसपासचे चुंबकीय क्षेत्र बदलले की त्या धातूत विद्युतप्रवाह निर्माण होतो. चुंबकासमोरून चकती सरकते तेव्हा तिच्या प्रत्येक भागासाठी हे क्षेत्र बदलत असते, त्यामुळे तिच्या आतच प्रवाह सुरू होतात. त्यांना जायला ठरावीक तार नसल्याने ते पाण्यातल्या भोवऱ्यासारखे गोल फिरतात. त्यांना भोवरा प्रवाह किंवा एडी करंट म्हणतात. हे प्रवाह स्वतःचे चुंबकीय क्षेत्र तयार करतात आणि ज्या हालचालीमुळे ते जन्मले त्या हालचालीलाच विरोध करतात. विरोधाच्या दिशेचा हा नियम भौतिकशास्त्रज्ञ लेन्झ यांनी १८३४मध्ये मांडला. विरोध करताना हालचालीची जी ऊर्जा कमी होते, ती धातू तापण्यात जाते. चुंबकाच्या टोकांमध्ये फिरवलेली तांब्याची तबकडी अशी तापते, हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फूको यांनी १८५५मध्ये दाखवले होते.

मीटरच्या चकतीकडून आणखी एक धडा घेण्यासारखा आहे. तिच्यावरचा विरोध तिच्या वेगाच्या प्रमाणात असतो, आणि चकती थांबली की विरोध शून्य होतो. हालचाल नसेल तर भोवरा प्रवाह नाहीत, आणि प्रवाह नसतील तर ब्रेकही नाही. रेल्वेच्या संपूर्ण ब्रेक-रचनेवर या एका गोष्टीची छाया आहे.

मोटरच ब्रेक होते तेव्हा

सर्वांत जास्त वापरात असलेला विद्युत ब्रेक म्हणजे गाडी ओढणारी मोटर. सायकलला डायनामो लावला की पेडल जड लागते, कारण दिव्याला मिळणारी वीज आपल्या पायांतून येत असते. इलेक्ट्रिक इंजिनात हेच मोठ्या प्रमाणावर घडवतात. ब्रेकची वेळ आली की नियंत्रणयंत्रणा मोटरीला जनित्रासारखी चालवते, चाके तिला फिरवतात आणि फिरवताना मंदावतात.

तयार झालेल्या या विजेचे काय करायचे, यावरून दोन प्रकार होतात. जुन्या इंजिनांत ती मोठ्या रोधकांतून सोडून, पंख्याच्या हवेने थंड करून वाया घालवत. नव्या त्रिकला (थ्री-फेज) मोटरींच्या इंजिनांत, म्हणजे डब्ल्यूएजी-९ आणि डब्ल्यूएपी-७सारख्यांत, ती ट्रान्सफॉर्मरमधून २५ हजार व्होल्टच्या ओव्हरहेड तारेत परत पाठवतात. तिथे ती जवळच्या दुसऱ्या गाडीला मिळते किंवा वीजजाळ्यात जाते. याला पुनर्निर्मिती ब्रेक म्हणतात. नागपूर मेट्रोची ओव्हरहेड तारही २५ हजार व्होल्टचीच आहे. समजा १५० टनांची मेट्रोगाडी ताशी ७० किलोमीटर वेगावरून सीताबर्डीच्या फलाटावर थांबते आहे. तिच्या गतीत सुमारे ८ युनिट ऊर्जा असते. दर एक-दीड किलोमीटरवर थांबणाऱ्या गाडीसाठी प्रत्येक थांब्यावरची ही ऊर्जा दिवसअखेर मोठी रक्कम होते.

ही सगळी ऊर्जा मात्र परत मिळत नाही. हवेच्या व चाकांच्या विरोधात काही भाग जातो, मोटर व ट्रान्सफॉर्मर तापण्यात काही जातो, आणि अगदी कमी वेगावर मोटर पुरेसा जोर देऊ शकत नसल्याने शेवटचे काम हवेच्या ब्रेककडे जाते. मेट्रोत लक्ष देऊन ऐकले तर हा बदल कानांना कळतो. फलाट जवळ येताना मोटरीचा उतरत जाणारा सूर ऐकू येतो, मग तो विरतो, आणि अखेरच्या काही मीटरांत हवेचा हलका फुसकारा होऊन गाडी उभी राहते. दोन ब्रेकमधला हा खांदेपालट उभ्या प्रवाशाला धक्का न बसता व्हावा, यासाठी नियंत्रणयंत्रणेला क्षणोक्षणी हिशेब करावा लागतो : किती जोर हवा आहे, मोटर त्यातला किती देते आहे, आणि उरलेला किती हवेने भरून काढायचा.

कोळशाची गाडी, घाट आणि इंजिनाची मर्यादा

मोटरीचा ब्रेक फक्त मोटर असलेल्या धुऱ्यांवरच लागू शकतो, हे लक्षात घेतले की बऱ्याच गोष्टी उलगडतात. वंदे भारतमध्ये निम्म्या धुऱ्यांना मोटरी आहेत, म्हणून तिथे विद्युत ब्रेकचा वाटा मोठा असतो. चंद्रपूर-उमरेडच्या बाजूने कोळसा भरून निघालेल्या मालगाडीचे चित्र वेगळे आहे. वजन सुमारे ५ हजार टन, आणि मोटरी मात्र फक्त इंजिनाला.

समजा, इंजिन विद्युत ब्रेकने २५० किलोन्यूटन जोर देते. सपाट मार्गावर ताशी ६० किलोमीटरने धावणारी अशी गाडी केवळ या जोरावर थांबवायची म्हटली तर पावणेतीन किलोमीटर लागतील. उतारावर स्थिती आणखी कठीण होते. शंभर मीटरला एक मीटर उतार असेल, तर ५ हजार टनांच्या गाडीला खाली खेचणारा जोर सुमारे ४९० किलोन्यूटन असतो, म्हणजे इंजिनाच्या ब्रेकच्या जवळजवळ दुप्पट. नागपूरहून इटारसीकडे जाताना बैतुलच्या पुढे धाराखोह-मरामझिरीचा घाट लागतो. अशा घाटात इंजिनाचा विद्युत ब्रेक गाडीचा वेग आवरून धरायला अत्यंत उपयोगी पडतो, कारण त्यामुळे वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, चाके सतत ब्रेक-ब्लॉकखाली तापत राहत नाहीत. परंतु त्याच्या जोडीला प्रत्येक वाघिणीचा हवेचा ब्रेक असावाच लागतो. शिवाय केवळ पुढच्या इंजिनानेच जोराने ब्रेक लावला तर मागच्या वाघिणी पुढच्यांवर दाटून येतात. हा दाब रिकाम्या, हलक्या वाघिणीला रुळावरून उचलू शकतो. म्हणून इंजिनाच्या विद्युत ब्रेकचा जोर रचनाकार मुद्दामच मर्यादित ठेवतात.

रुळाला धरणारे चुंबक

आता पकडीची मर्यादा ओलांडणारे दोन प्रकार. पहिल्यात बोगीच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याच्या, दोन चाकांमध्ये, रुळाच्या वर एक लांबट विद्युतचुंबक टांगलेला असतो. आणीबाणीत तो खाली सोडतात. त्यातून प्रवाह जाताच तो रुळाला घट्ट चिकटतो आणि घासत गाडी थांबवतो. ट्रामगाड्यांत हा प्रकार शंभर वर्षांहून अधिक काळ वापरात आहे आणि जर्मनीत ताशी १४० किलोमीटरपेक्षा वेगवान गाड्यांवरही तो असतो. यात चुंबक आहे, पण थांबवण्याचे काम शेवटी घर्षणच करते. त्यामुळे रूळ आणि चुंबकाचे बूट दोन्ही झिजतात, आणि रोजच्या थांब्यांसाठी तो सहसा वापरत नाहीत. त्याचा एक फायदा आहे, की गाडी पूर्ण थांबेपर्यंत तो काम करतो. घासत जाताना तो रुळावरील घाणही थोडी साफ करतो, त्यामुळे मागून येणाऱ्या चाकांची पकड सुधारते.

दुसरा प्रकार खऱ्या अर्थाने अस्पर्श आहे. इथे विद्युतचुंबकांची रांग रुळाच्या माथ्यावर सुमारे ७ मिलिमीटर अंतर राखून टांगलेली असते. गाडी धावताना या चुंबकांमुळे रुळातच भोवरा प्रवाह निर्माण होतात आणि रूळ गाडीला मागे ओढतो. मीटरच्या चकतीची जागा इथे रुळाने घेतलेली असते. चाकाच्या पकडीशी या जोराचा संबंध नसल्याने ओल्या रुळावरही तो तेवढाच मिळतो, आणि झिजण्यासारखे काही नसते. जर्मनीच्या आयसीई-३ गाड्यांत मोटर नसलेल्या बोगींवर असे ब्रेक आहेत. कोलोन ते फ्रँकफुर्ट परिसराला जोडणाऱ्या, २००२मध्ये सुरू झालेल्या मार्गावर ते रोजच्या थांब्यांसाठी वापरतात. त्या मार्गावर हजार मीटरला ४० मीटरपर्यंतचे चढउतार आहेत आणि वेग ताशी ३०० किलोमीटर आहे.

याच्या रचनेत वेगाचे गणित मोठे विचित्र आहे. वेग शून्य असताना जोर शून्य, वेग वाढेल तसा जोर वाढतो, एका विशिष्ट वेगाला तो सर्वाधिक होतो आणि त्यापुढे हळूहळू उतरू लागतो. फार वेगात भोवरा प्रवाह इतके प्रबळ होतात की त्यांचे क्षेत्र चुंबकाच्या क्षेत्राला रुळात खोलवर शिरूच देत नाही. हा शिखराचा वेग रुळाच्या धातूवर, चुंबकाच्या ध्रुवांमधील अंतरावर आणि मधल्या फटीवर अवलंबून असतो. रूळ बदलता येत नाही. त्यामुळे ध्रुवांचे अंतर आणि फट यांच्याशीच खेळावे लागते. फट कमी केली तर जोर वाढतो, पण धावत्या बोगीच्या हादऱ्यांत चुंबक रुळाच्या सांध्याला किंवा रूळ बदलण्याच्या काट्याला आपटण्याचा धोका वाढतो. आणि वेग कमी होत गेला की मागे ओढणारा जोर घटतो, पण चुंबक आणि रूळ यांच्यातील खाली खेचणारे आकर्षण वाढते. म्हणून ठरावीक वेगाखाली हा ब्रेक बंद करून काम हवेच्या ब्रेककडे द्यावे लागते.

नागपूरच्या मे महिन्यात रुळाचे काय होईल?

या प्रश्नाचे उत्तर आकड्यांनीच द्यायला हवे, कारण अस्पर्श ब्रेकची उष्णता गाडीसोबत जात नाही. ती रुळात राहते.

समजा, ८०० टनांची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून १,४०० मीटरांत थांबते आणि तिच्या ऊर्जेचा एक-तृतीयांश भाग अस्पर्श ब्रेकने रुळात उतरतो. मीटरला ६० किलो वजनाच्या दोन रुळांचे या अंतरातले वजन १६८ टन होते. हिशेब केला तर एका गाडीमागे रुळाचे तापमान सरासरी सव्वातीन अंशांनी वाढते. ही वाढ किरकोळ वाटते, पण आजचे रूळ वेल्ड करून सलग जोडलेले असतात आणि त्यांना लांबीत पसरायला जागा नसते. म्हणून प्रत्येक अंशाच्या वाढीमागे अशा एका रुळात सुमारे १.९ टनांचा दाब साठतो. म्हणजे एका थांब्यामागे प्रत्येक रुळात सुमारे ६ टन दाब वाढतो. सगळ्या गाड्या स्थानकाबाहेरच्या त्याच टप्प्यावर ब्रेक लावतात, त्यामुळे रूळ निवण्याआधी दुसरी गाडी आली तर हा दाब मागच्या दाबात मिळतो.

आता यात आपला उन्हाळा मिळवावा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात रुळाचे तापमान हवेपेक्षा १५ ते २० अंशांनी अधिक असू शकते. दाब सहनशक्तीबाहेर गेला की रूळ आडवा वाकतो. तो वाकू नये म्हणून कडक उन्हात रेल्वेला मार्गावर जादा गस्त घालावी लागते. अशा वेळी ब्रेकने रुळात आणखी उष्णता घालणे ही साधी गोष्ट नाही. जर्मनीत हा ब्रेक रोजच्या थांब्यांसाठी मोजक्या मार्गांवरच वापरतात, आणि तिथला मे महिना आपल्यासारखा नसतो.

सिग्नल आणि वीजपुरवठा

गाडी एखाद्या टप्प्यात आहे की नाही हे ओळखण्यासाठी रुळालगत ॲक्सल काउंटर बसवलेले असतात. ते चाक जाताना चुंबकीय क्षेत्रात होणारा बदल टिपून धुरे मोजतात. रुळाजवळून जाणारा प्रचंड विद्युतचुंबक त्यांना चाकासारखाच भासू शकतो आणि धुऱ्यांची मोजणी चुकू शकते. यावर उपाय आहेत, पण ते गाडीच्या कारखान्यात पूर्ण होत नाहीत. मार्गावरची उपकरणे तपासावी आणि गरज पडल्यास बदलावी लागतात.

'वीज गेली तर काय?' हा प्रश्न प्रवाशांना सर्वाधिक पडतो आणि रचनाकारांनाही तोच आधी सोडवावा लागतो. पुनर्निर्मिती ब्रेकला वीज घेणारी तार लागते. दोन विद्युत विभागांमधील न्यूट्रल सेक्शनमध्ये ती तार मृत असते. विद्युतचुंबकांना तर प्रवाहच लागतो. फिरत्या मोटरींनी तयार केलेली वीज किंवा बॅटरी यांवर ते काही काळ चालवता येतात, पण गाडीचे दोन तुकडे झाले, तारा तुटल्या, तरी ब्रेक लागलाच पाहिजे, ही अट त्यांना एकट्याने पूर्ण करता येत नाही. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२मध्ये आणलेल्या स्वयंचलित हवेच्या ब्रेकमध्ये ही अट सहज पूर्ण होते. गाडीभर जाणाऱ्या ब्रेक पाइपमध्ये दाब टिकून असेल तरच ब्रेक सुटलेले राहतात. पाइप फुटला, तुटला किंवा कोणी साखळी ओढली की दाब उतरतो आणि प्रत्येक डब्याचा ब्रेक आपोआप लागतो. दीडशे वर्षांनंतरही अखेरचा भरवसा यावरच ठेवला जातो. विद्युत ब्रेक जराही चालत नाहीत असे धरूनच आणीबाणीचे थांबण्याचे अंतर सहसा मोजतात.

मग आपल्याकडे हे ब्रेक केव्हा येतील?

पुनर्निर्मिती ब्रेक तर आलेलेच आहेत. अस्पर्श ब्रेकविषयी जपानचा अनुभव पाहावा. तिथल्या शिंकान्सेन या अतिवेगवान गाड्यांच्या १०० आणि ७०० मालिकांत मोटर नसलेल्या डब्यांच्या धुऱ्यांवर भोवरा प्रवाहाचे डिस्क ब्रेक होते. पुढे एन-७०० मालिकेत सोळापैकी चौदा डब्यांना मोटरी दिल्या गेल्या. मोटरींचाच ब्रेक एवढा पुरेसा झाला की हे वेगळे ब्रेक काढून टाकता आले, गाडी हलकी झाली आणि विजेची बचतही वाढली.

ताशी १६० किलोमीटरपर्यंत धुऱ्यावरील डिस्क ब्रेक आणि मोटरींचा ब्रेक यांची जोडी पुरेशी आहे. त्या वेगासाठी रुळावरचे चुंबक बसवणे म्हणजे वजन आणि देखभाल विनाकारण वाढवणे होय. नागपूर-मुंबई अतिवेगवान मार्गाचा प्रस्ताव चर्चेत असतो. तो प्रत्यक्षात येऊन वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास गेला, तर हा विचार नव्याने करावा लागेल. तेव्हाही जास्तीत जास्त धुऱ्यांना मोटरी देण्याचा जपानी मार्ग आपल्या उन्हाला अधिक मानवेल, असे मला वाटते. कोणाला अस्पर्श ब्रेकच हवे असतील, तर त्यांनी चुंबकांची मागणी नोंदवण्याआधी विदर्भातल्या रुळांवर, गाड्या जिथे रोज ब्रेक लावतात त्याच टप्प्यांत, मे महिन्यातल्या दुपारी तापमापक बसवून एक संपूर्ण उन्हाळा नोंदी घ्याव्यात.